वाचक विचारतात : सुपरमॅन, स्पायडरमॅन आणि १९७६चा तो मोठा अंक

गेल्या महिन्याच्या सदरात मी १९७६ सालच्या ‘सुपरमॅन विरुद्ध अमेझिंग स्पायडरमॅन’ या अंकाबद्दल फक्त चार ओळी लिहिल्या होत्या, की कुणाच्या घरात असेल तर काढून पुन्हा वाचा म्हणून. त्यावर एवढे मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : मामांच्या ट्रंकेत हा अंक मिळाला. शाळेत असताना वाचलेला तेव्हा लई भारी वाटलेला. आता वाचला तर दोघांची मारामारी बघता बघता संपते आणि निकालच लागत नाही. खासबागेत एवढी जाहिरात करून कुस्ती अशी सोडवली असती तर पब्लिकनं मैदान डोक्यावर घेतलं असतं. मग हा अंक खरंच चांगला आहे का, की आपल्याला तो लहानपणामुळं चांगला वाटतो?
– एक वाचक, राजारामपुरी

खरंच चांगला आहे, आणि तुम्ही ज्याला खोट म्हणताय तिथंच त्याची खरी करामत आहे असं माझं ठाम मत आहे. जरा सविस्तर सांगतो.

आधी हे लक्षात घ्या की सुपरमॅन डीसीचा, १९३८ पासूनचा, आणि स्पायडरमॅन मार्वलचा, १९६२ पासूनचा. दोन्ही कंपन्या एकाच स्टॉलवर एकाच पोराच्या खिशातल्या पैशांसाठी भांडत होत्या. १९७५ मध्ये त्यांनी ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या जुन्या सिनेमावरचं एक कॉमिक मिळून काढलं होतं, पण आपापला सगळ्यात मोठा हिरो समोरच्याच्या हिरोपुढं उभा करायचा ही वेगळीच गोष्ट झाली. साधं कॉमिक तेव्हा २५ सेंटला मिळायचं, हा अंक दोन डॉलरचा होता, आकारानंही मोठा. एवढे पैसे मोजणारा वाचक दोन गटांतला होता आणि कुठल्याही गटाला आपला माणूस हरलेला चालणार नव्हता, त्यामुळं निकाल लागणार नाही हे पहिल्या पानाच्या आधीच ठरलेलं होतं. मग लेखकाच्या हातात राहतं काय, तर बरोबरी कशी करायची एवढंच.

लेखक जेरी कॉनवे, तेव्हा पंचविशीच्याही आतला पोरगा, पण दोन्ही घरांत काम केलेला. स्पायडरमॅनच्या मासिकात १९७३ साली त्याच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, मारणारी गोष्ट त्यानंच लिहिलेली. चित्रकार रॉस अँड्रू, तोही तसाच, आधी डीसीत वंडर वुमन वगैरे काढून मग मार्वलला स्पायडरमॅन काढत होता. म्हणजे दोघांनाही दोन्हीकडचं पाणी माहीत होतं आणि ते दिसतं.

आता ती मारामारी पुन्हा बघा. सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर त्याचंच सोंग घेऊन सुपरमॅनची मैत्रीण लोइस लेन आणि स्पायडरमॅनची मैत्रीण मेरी जेन दोघींना किरण मारून गायब करतो, स्पायडरमॅनला वाटतं हे सुपरमॅननंच केलं, आणि खरा सुपरमॅन आला की हा त्याच्यावर तुटून पडतो. पण साधा स्पायडरमॅन सुपरमॅनला मारणार तरी कसा, म्हणून लूथर लांबून स्पायडरमॅनवर लाल सूर्याचं रेडिएशन सोडतो आणि त्याच्यात ताकद भरतो. ही नुसती सोय नाही, सुपरमॅनच्याच पुराणातला नियम वापरलाय, लाल सूर्याखाली सुपरमॅनची शक्ती जाते हे डीसीच्या वाचकाला पाठ होतं. त्यामुळं स्पायडरमॅनची बुक्की लागते आणि सुपरमॅन खरोखर उडतो, तेव्हा डीसीवाल्यालाही मान्य करावं लागतं.

मग येतो तो क्षण ज्यासाठी मी हा अंक परत परत उघडतो. सुपरमॅन संतापून बुक्की उगारतो आणि शेवटच्या क्षणी त्याच्या लक्षात येतं की ही लागली तर समोरचा मरेल, म्हणून तो हात मधेच थांबवतो. बुक्की लागतच नाही. पण नुसत्या तिच्या वाऱ्यानं स्पायडरमॅन लांब फेकला जातो. बघा, एकाच चित्रात सुपरमॅनची ताकद किती आणि त्याचा स्वभाव कसा हे दोन्ही आलं, आणि तरी स्पायडरमॅन हरला असं कुणी म्हणू शकत नाही कारण त्याला कुणी मारलंच नाही. नंतर रेडिएशन उतरतं, स्पायडरमॅनच्या ते ध्यानात नाही, तो बुक्क्या मारतच राहतो, सुपरमॅन शांत उभा, आणि याचेच हात दुखायला लागतात. ताकद जास्त कुणाची ते इथं न बोलता कळतं, आणि अशक्य माणसापुढं सुद्धा न थांबणारा कोण तेही कळतं. मार्वलच्या वाचकाला आपला माणूस नेमका याच कारणासाठी आवडायचा. त्यामुळं खासबागेतल्या बरोबरीशी ही जुळत नाही, तिथं दोन पैलवान एकाच नियमानं खेळतात आणि इथं एक ताकदीवर मोजायचा आणि दुसरा जिद्दीवर, लेखकानं दोघांना आपापल्या मापानं पूर्ण गुण दिलेत.

आणि मारामारी हा अंकाचा छोटाच भाग आहे हो. सुरुवातीला सुपरमॅनचा वेगळा भाग, स्पायडरमॅनचा वेगळा भाग, मग तुरुंगात लूथर आणि स्पायडरमॅनचा शत्रू डॉक्टर ऑक्टोपस यांची ओळख, असं तीन पायऱ्यांनी तो वर चढतो. का, तर फक्त मार्वल वाचणाऱ्या पोराला सुपरमॅनचं शहर मेट्रोपोलिस माहीत नाही आणि फक्त डीसी वाचणाऱ्याला पीटर पार्करच्या, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडरमॅनच्या, कटकटी माहीत नाहीत, दोघांनाही आधी शेजारचं घर दाखवून आणायचं. दोन्ही हिरो पोटापाण्यासाठी बातम्यांच्या धंद्यात आहेत, एक बातमीदार एक फोटोग्राफर, हा धागा कॉनवेनं बरोबर पकडलाय. त्यांचे साहेब जेमसन आणि मॉर्गन एज एकत्र बसून आपापल्या माणसांबद्दल कुरकुर करतात तो प्रसंग तर मला मारामारीइतकाच आवडतो. दोन वेगळी जगं एकत्र का आली याचं काही शास्त्र सांगत बसलेला नाही, मेट्रोपोलिस पण आहे न्यूयॉर्क पण आहे, दोघं आजवर भेटले नव्हते आज भेटले, संपला विषय. आज हेच करायला सहा अंक आणि चार समांतर विश्वं लावतील.

शेवटीही वाटणी बघा. लूथर उपग्रहाच्या जोरावर पृथ्वीवर वादळ उठवतो, किनाऱ्याकडं प्रचंड लाट निघते, ती अडवायला सुपरमॅनच पाहिजे, तो खाली जातो. वर अंतराळात लूथर आणि ऑक्टोपसच्या तोंडाला स्पायडरमॅन एकटा. पृथ्वी खरंच बुडणार हे कळल्यावर ऑक्टोपस फिरतो आणि स्वतःच ते यंत्र तोडतो. म्हणजे खलनायक पण दोन स्वभावांचे निघाले, एकाला जग संपलं तरी चालतं आणि दुसऱ्याला नाही.

जिथं कमी आहे तेही सांगतो. किलीमांजारोजवळचा मसाई योद्ध्याचा भाग मला तेव्हाही पटला नव्हता आणि आता तर अजिबात नाही, आफ्रिका म्हणजे भाला घेतलेला माणूस एवढंच चित्र आहे, आणि गोष्टीत त्याची गरज पण नाही. दुसरं म्हणजे लोइस आणि मेरी जेन. लोइस लेन ही कसलेली पत्रकार, मेरी जेन बोलायला एवढी तेज, आणि दोघींना काम काय तर गायब व्हायचं. ही त्या काळातल्या बहुतेक अंकांची खोड आहे, पण इथं ती जास्त टोचते कारण बाकी सगळं एवढं विचार करून केलंय.

प्रश्न : काही चित्रांत सुपरमॅनचं तोंड वेगळंच वाटतं, बाकीच्या पानांशी जुळत नाही. माझी प्रत खराब छापलीय का?
– एक वाचक, इचलकरंजी

प्रत बरोबर आहे आणि तुमची नजर चांगली आहे. पेन्सिलनं काढलेली मूळ चित्रं रॉस अँड्रूची, त्यावरची शाई डिक जोर्डानोची. पण मधल्या मधे नील अ‍ॅडम्सनं सुपरमॅनच्या काही आकृत्या आणि जॉन रोमिता सीनियरनं पीटर आणि मेरी जेनचे चेहरे दुरुस्त केले, नावं कुठंच छापलेली नाहीत. प्रत्येक घराला आपला हिरो आपल्यासारखाच दिसायला पाहिजे होता. अँड्रूची खरी ताकद बघायची तर चेहरे सोडा आणि उंची बघा, म्हणजे इमारतींच्या वरून खाली रस्त्याकडं बघितल्यावर पोटात गोळा येतो ती चित्रं. मुखपृष्ठावरही शहराच्या वर उंचावर दोघं एकमेकांवर झेपावलेत. त्या मोठ्या आकाराचा फायदा इथं कळतो, मोबाइलवर ती मजा निम्मी सुद्धा येत नाही.

प्रश्न : मुलगा म्हणतो हिरोंची टीम करायची आयडिया अ‍ॅव्हेंजर्सची. खरं आहे का?
– एक पालक, कागल

नाही. अ‍ॅव्हेंजर्सचा पहिला अंक १९६३चा. त्याच्या कितीतरी आधी, १९४०च्या हिवाळ्यात, ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात जस्टिस सोसायटी ही हिरोंची टीम एका टेबलाभोवती बसली, तिथून टीमची सुरुवात धरतात. १९६० मध्ये डीसीची जस्टिस लीग आली, ती धडाक्यात खपली, आणि ते बघूनच मार्वलनं १९६१ मध्ये फँटास्टिक फोर काढलं, म्हणजे मार्वलचा सगळा आधुनिक कारभारच एका टीमच्या उत्तरातून उभा राहिलाय. मुलाला हे सांगा, आवडेल त्याला.

त्याला अजून एक सांगा. सुपरमॅन आणि बॅटमॅन १९४१ पासून ‘वर्ल्ड्स फायनेस्ट’ या एकाच मासिकाच्या मुखपृष्ठावर हसत उभे असायचे पण आत गोष्टी वेगवेगळ्या. १९५४ मध्ये मासिकाची पानं कमी केली, दोन वेगळ्या गोष्टींना जागा उरली नाही, म्हणून दोघांना एका गोष्टीत घातलं आणि तिथून ती जोडी कायमची जमली! त्याआधी १९५२ मध्ये ‘सुपरमॅन’च्या ७६व्या अंकात दोघांना एका जहाजावर योगायोगानं एकच केबिन मिळते आणि एकमेकांचं गुपित कळतं, ती पण मस्त गोष्ट आहे. पानांच्या टंचाईतून, जागेच्या भांडणातून अशा गोष्टी जन्माला येतात हे मला फार आवडतं.

प्रश्न : माझ्याकडं इंद्रजालचे मराठी अंक, काही अमेरिकन कॉमिक आणि हा मोठा अंक असं सगळं आहे. दर पावसाळ्यात कागद फुगतो, तपकिरी डाग पडतात, पिना गंजतात. एकानं लॅमिनेशन करायला सांगितलं. करू का?
– एक वाचक, शाहूपुरी

लॅमिनेशन अजिबात करू नका, प्लीज. ते परत निघत नाही आणि आतला कागद आतल्या आत खराब होत राहतो. सेलोटेपचं पण तेच, चार-पाच वर्षांत त्याचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो आणि अक्षरं खातो.

कागद का जातो ते समजून घेतलं की उपाय आपोआप सुचतात. जुनी कॉमिक्स स्वस्त न्यूजप्रिंटवर छापायचे, त्या लगद्यात लिग्निन हा लाकडातला घटक राहतो, उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो आणि आम्ल तयार होतं, कागद कुरकुरीत होतो. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की त्यात बुरशी आणि पिनांचा गंज ही भर पडते, आणि कसर तर टपलेलीच असते. म्हणजे शत्रू तीन, उजेड, ओल, कसर.

मी काय करतो ते सांगतो. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवत नाही, कारण पावसात तीच भिंत पाझरते. लोखंडी कपाट चालेल पण सगळ्यात खालचा कप्पा रिकामा. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागं अ‍ॅसिड-फ्री पुठ्ठा. वास मारणारी मऊ पीव्हीसीची पिशवी मात्र नको, ती छपाईला चिकटते. आणि पिशवीत घालायचं काम उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये करायचं, कारण जुलैत घातलं तर ओलच आत कोंडली जाते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की गरम करून परत वापरता येतात. डांबरगोळ्या कागदाजवळ टाकू नका, आणि कडुलिंबाचा पाला घालायचाच असेल तर पूर्ण वाळलेला, ओला पाला म्हणजे बुरशीला आवतण. मोठा अंक उभा ठेवला की स्वतःच्या वजनानं पाठीत वाकतो, त्याला आडवाच झोपवा आणि वर जास्त ओझं नको. महिन्यातनं एकदा कोरड्या दिवशी कपाट उघडून पंखा लावा, पानं उलटा, वाचा. वाचत राहिलं की अंकाला लागलेली कसर आपल्याला लवकर सापडते.

गंजलेली पिन ओढून काढायची नाही, मधलं पान उघडून पाय सरळ करून हळूच काढायची, नाहीतर गंजाबरोबर कागद येतो.

२०१९ आणि २०२१च्या पुरात ज्यांची पुस्तकं भिजली त्यांच्यापैकी काहींनी लिहिलंय, म्हणून हेही सांगतो. भिजलेला गठ्ठा उन्हात टाकू नका, आणि पानं चिकटली असतील तर जोर लावून सोडवू नका. थोडेच अंक असतील तर पानांमधे टीपकागद घालून पंख्याखाली वाळवा आणि टीपकागद सारखा बदला. खूप असतील तर पिशवीत गुंडाळून सरळ फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी साधारण दोन दिवसांत धरायला लागते, गोठवलं की ती थांबते आणि तुम्हाला एकेक अंक सवडीनं वाळवता येतो.

प्रश्न : या अंकाची आज किंमत किती येईल? लाखभर मिळतील का?
– एक वाचक, गंगावेस

नाही मिळणार. लाखो-करोडोंच्या बातम्या येतात त्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ नंबर एकसारख्या अंकांच्या, १९३८चा, त्याची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. हा १९७६चा अंक भरपूर छापला आणि लोकांनी जपूनही ठेवला, त्यामुळं तो दुर्मिळ नाही. मोठा आकार असल्यानं कोपरे मोडलेले आणि पाठ दुमडलेली प्रत जास्त सापडते, कोरी करकरीत प्रत असेल तर थोडे बरे पैसे येतात. आतल्या पानावरचा बारीक प्रकाशन मजकूर आधी बघा, नंतर लहान आकारात पुनर्मुद्रण झालंय. माझं मत विचाराल तर विकू नका, घरात एखादं पोरगं असेल त्याच्यापुढं जमिनीवर उघडून ठेवा.

प्रश्न : आमच्या लहानपणी सुपरमॅनपेक्षा वेताळ (म्हणजे फँटम) आणि जादूगार मॅन्ड्रेक. ते दोघं कधी एकत्र आले का?
– एक वाचक, गडहिंग्लज

आले की! आणि त्यांना कंपन्यांचं भांडण आडवं येत नव्हतं, दोघंही एकाच माणसाची, ली फॉक यांची पोरं. मॅन्ड्रेक १९३४चा, वेताळ १९३६चा. १९७७च्या शेवटी वृत्तपत्रातल्या पट्टीत वेताळ आणि डायनाचं लग्न लागलं त्याला मॅन्ड्रेक आणि त्याचा साथीदार लोथार पाहुणे म्हणून होते. कुणाशी मारामारी नाही, गैरसमज नाही, मित्र लग्नाला आले बस्स, आणि तरी अंगावर काटा येतो कारण इतकी वर्षं वेगवेगळ्या पट्ट्यांत वाचलेली माणसं एका मांडवात दिसतात.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये वेताळाच्या गोष्टीनं सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद झालं. आपल्या पिढीला दोन्ही हिरो एकाच मालिकेत, एकाच आकारात, आळीपाळीनं मिळाले, त्यामुळं ते एकाच जगात राहतात असं आपण न सांगता धरून चालायचो. आबिद सुरतींचा, चंबळच्या डाकूंशी लढणारा बहादूर त्यात १९७६ साली आला, म्हणजे सुपरमॅन–स्पायडरमॅन अंकाच्याच वर्षी. बहादूर आणि वेताळ यांची एक गोष्ट कुणीतरी करायला पाहिजे होती, चंबळचं खोरं आणि वेताळाची शिक्क्याची अंगठी, विषय हार्ड झाला असता.

प्रश्न : यानंतरचे असले अंक कुठले वाचावेत, आणि आता मिळतात का?
– बऱ्याच जणांनी विचारलंय

१९८१ मध्ये सुपरमॅन–स्पायडरमॅन पुन्हा भेटले, मार्वलचा खलनायक डॉक्टर डूम आहे, हल्क आणि वंडर वुमन पण आहेत, चित्रं जॉन ब्युसेमाची म्हणजे सुंदरच, पण गर्दी फार आणि पहिल्यातला नेमकेपणा नाही. त्याच वर्षी बॅटमॅन आणि हल्क. माझी खरी शिफारस १९८२चा, मार्वलची टीम एक्स-मेन आणि डीसीची टीम न्यू टीन टायटन्स यांचा अंक, लेखक ख्रिस क्लेअरमाँट, चित्रं वॉल्टर सायमनसन, डीसीचा खलनायक डार्कसाइड हा डार्क फिनिक्स या एक्स-मेनच्या गोष्टीतल्या विनाशक शक्तीला पुन्हा जागं करायला निघतो, आणि दोन टीमच्या एवढ्या सगळ्या पोरांना प्रत्येकाला एकतरी धड वाक्य मिळालंय. जस्टिस लीग आणि अ‍ॅव्हेंजर्सचं तेव्हाच ठरलेलं, जॉर्ज पेरेझनं पानं काढायला पण घेतली होती, पण दोन्ही कंपन्यांचं फाटलं आणि ते थेट २००३-०४ मध्ये निघालं, कर्ट ब्युसिकनं लिहिलं आणि चित्रं पेरेझचीच. २०२२ मध्ये पेरेझ आजारी असताना त्याच्या सात हजार प्रती मदतनिधीसाठी पुन्हा छापल्या आणि लगेच संपल्या.

२०२४ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून हे जुने एकत्र अंक जाडजूड ऑम्निबसमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या मोठ्या पुस्तकात, परत आणलेत, १९७६चा पण त्यात आहे, पण आकार मूळचा नाही आणि किंमत आपल्या खिशाला जड आहे. चार-पाच जणांनी मिळून एक घ्या आणि फिरवा. आणि ज्यांच्याकडं मूळ मोठा अंक आहे त्यांनी निदान ती थांबवलेल्या बुक्कीची पानं मित्रांना मूळ आकारातच दाखवा.